तलफ आणि दिलेला शब्द

सिगारेट सोडू पाहणाऱ्या माणसाच्या संदर्भात एक नैतिक पेच वारंवार उद्भवतो. व्यसनमुक्तीवरील पुस्तकांत मात्र त्याची दखल क्वचितच घेतली जाते. निश्चय केलेला गृहस्थ उरलेले पाकीट पत्नीच्या हवाली करतो आणि बजावतो, की आपण कितीही मागितले, चिडलो, गयावया केली, तरी ते परत देऊ नये. चौथ्या दिवशी रात्री जेवणानंतर तोच गृहस्थ, पूर्ण शुद्धीत, ते पाकीट मागतो. अशा वेळी पत्नीने त्याचा कोणता शब्द पाळावा, आधीचा की आत्ताचा?

पुढील संवादात हा प्रश्न दोघांच्या तोंडी घातला आहे. एक छातीच्या विकारांचे डॉक्टर आहेत; दुसरे दिवाणी वकील असून ते स्वतः सिगारेट ओढतात आणि सोडण्याचा त्यांचा विचारही नाही. लेखकाचा कल डॉक्टरांकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. वकिलांचे म्हणणे खोडून काढणे मात्र वाटले तितके सोपे ठरले नाही.

डॉक्टर : आधीचाच शब्द पाळावा. तलफ म्हणजे निकोटिनची सवय जडलेल्या मेंदूला ते न मिळाल्यास लागणारी ओढ. चौथ्या दिवशी मागणी करते ती ही ओढ. माणसाने आपले मत विचारपूर्वक बदललेले नसते.

वकील : डॉक्टर, कायद्याची रीत नेमकी उलटी आहे. एका माणसाने दोन मृत्युपत्रे केली, तर शेवटचे ग्राह्य धरतात. साधे मुखत्यारपत्र ज्याने दिले, तो ते केव्हाही रद्द करू शकतो. पत्नीला दिलेला अधिकार याहून वेगळा कसा?

डॉक्टर : नशेत किंवा भान हरपलेल्या अवस्थेत केलेले मृत्युपत्र मात्र तुमचा कायदाही मानत नाही.

वकील : १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात तशी तरतूद आहे, पण ती आपण काय करतो आहोत हेच ज्याला कळत नाही, त्याच्यासाठी. तलफ आलेल्या माणसाला पाकीट कोणत्या कपाटात आहे आणि आत किती शिल्लक आहेत, हे बिनचूक ठाऊक असते. शिवाय आधीचा शब्द तरी मोकळ्या मनाने दिलेला होता का? तुम्ही दवाखान्यात एक्स-रे उजेडासमोर धरता, फुप्फुसावरच्या डागाकडे बोट दाखवता, आणि घाबरलेला माणूस बाहेर पडता पडता निश्चय करतो. एक शब्द निकोटिनच्या दबावाखाली दिलेला, दुसरा भीतीच्या. भीतीने बोललेलाच खरा, हे कोणी ठरवले?

चर्चा या आक्षेपापाशी अडली, आणि ती अडणे रास्तच होते. कारण व्यसनाच्या प्रश्नात ‘खरी इच्छा’ आणि ‘खोटी इच्छा’ हा भेद सर्वजण गृहीत धरतात, तो सिद्ध करण्याच्या फंदात मात्र कोणी पडत नाही. डॉक्टरांनी प्रथम गीतेचा आधार घेतला. तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, की इच्छा नसतानाही, जणू बळजबरीने, माणसाकडून पाप कोण करवतो. आणि श्रीकृष्ण काम-क्रोधांना वैरी ठरवतात.

वकील : थोडे पुढे वाचा. त्या वैऱ्याचे ठाणे तिथेच सांगितले आहे : इंद्रिये, मन आणि बुद्धीसुद्धा. शत्रू बुद्धीतही मुक्कामाला असेल, तर ‘ही इच्छा परकी, ती आपली’ असा निवाडा देणारी बुद्धी कोणत्या बाजूची समजायची?

डॉक्टर : मग पश्चात्ताप ही कसोटी लावू. ओढली तर माणूस सकाळी हळहळतो. न ओढल्याबद्दल सहसा कोणी हळहळत नाही.

वकील : सकाळच्या माणसाला न्यायाधीश नेमले, तर निकाल सकाळच्या बाजूने लागणारच. आणि निश्चय तरी इतका निर्मळ असतो का? इटालो स्वेव्हो यांच्या १९२३ मधील कादंबरीत झेनो नावाचा नायक आयुष्यभर ‘शेवटची सिगारेट’ ओढत राहतो, कारण शेवटची म्हटली की तिची चव वाढते. त्याचा निश्चय हा त्याच्या व्यसनाचाच भाग आहे. तुमच्याकडे येणाऱ्यांत असे झेनो किती, याचा विचार करा.

डॉक्टरांनी याचे थेट उत्तर दिले नाही. ते शरीरशास्त्राकडे वळले, आणि तर्काच्या दृष्टीने ही बगल असली तरी पुढचा मार्ग तिथूनच निघाला.

डॉक्टर : धूर आत घेतल्यावर दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचते आणि रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्मे होते. मग अस्वस्थता, चिडचिड सुरू होते. पुढची सिगारेट जो निवांतपणा देते, तो बव्हंशी आधीच्या सिगारेटीने मागे ठेवलेल्या बेचैनीपासून मिळालेली सुटका असतो. सोडल्यावर हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत तीव्र असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तलफेची एकेक उसळी मात्र काही मिनिटांचीच असते.

वकील : मागणी थोडा वेळ टिकते म्हणून ती खोटी ठरत नाही. भूकही जेवल्यावर जाते.

डॉक्टर : भूक उपाशी राहून मिटत नाही. तलफ न ओढताही ओसरते, आणि ओढली तर काही तासांनी हजर होते. म्हणून पत्नीने दहा मिनिटे थांबायला सांगावे.

वकील : म्हणजे ‘देऊ नये’ वरून तुम्ही ‘लगेच देऊ नये’ वर आलात. दहा मिनिटांनी पुन्हा मागितले तर?

डॉक्टर : तर द्यावे.

हे उत्तर डॉक्टरांना जड गेले, कारण एका सिगारेटीनंतर बरेच जण पूर्ववत ओढू लागतात, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही त्यांची ही भूमिका पहिल्या भूमिकेपेक्षा अधिक सच्ची आहे. आज दिलेला शब्द उद्याच्या माणसाला बांधून टाकू शकत नाही. त्याला विचार करायला थोडा वेळ मिळवून देणे, एवढेच त्या शब्दाच्या हाती असते.

वकील : या सगळ्यात एक पक्षकार आपण ऐकलाच नाही. दहा मिनिटे दारात उभे राहायचे कोणी? भांडण त्या गृहस्थाचे स्वतःशी. ‘तू मला लहान मुलासारखे वागवतेस’ हे ऐकून घ्यायचे तिने. आणि शेवटी त्याने ओढलीच, तर ‘तूच दिलीस’ हेही तिनेच. तिची संमती कोणी घेतली होती?

यावर डॉक्टरांजवळ उत्तर नव्हते, आणि लेखकाजवळही नाही. मूळ पेच मांडतानाच पत्नीला राखणदार गृहीत धरले होते. आपल्याकडे ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे, की वकिलांनी दाखवून देईपर्यंत ती खटकली नाही.

राखण दुसरीकडे सोपवता येते. कोणत्याही मदतीविना सोडणाऱ्या शंभरांतले तीन ते पाचच जण सहा महिने ते वर्षभर टिकतात. निकोटिनच्या च्युइंगमने हे प्रमाण वाढते. ते सुपारीसारखे सतत चघळायचे नसते : तोंडात चुरचुरू लागेपर्यंत सावकाश चावायचे, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवायचे, चुरचुर थांबली की पुन्हा चावायचे. लाळ भराभर गिळली तर उचकी लागते, आणि ‘मानवत नाही’ म्हणून लोक ते टाकून देतात. ज्या महाराष्ट्रात सिगारेट-विडीपेक्षा तंबाखू खाण्याचे प्रमाण कितीतरी अधिक आहे, तिथे गालात धरण्याची युक्ती शिकवावी लागू नये. उलट सिगारेट सोडून मळलेल्या तंबाखूचा बार भरणाऱ्यांनी काहीच सोडलेले नसते, एवढे मात्र सांगावे लागते.

पाकीट घरातल्या कोणाच्याही स्वाधीन करू नये. उरलेल्या सिगारेटी मोडून टाकाव्यात. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांना फोनवर मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवर छापला जातो. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटींच्या विक्रीला २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर त्या मिळतात. आणि सुटी घेणाऱ्याला पाकिटावरचा तो क्रमांक दिसत नाही.