परत दिला तर पाप लागेल का?



गेल्या महिन्यात मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी सॅक्रिस्टीच्या दारात थांबल्या. मुले परदेशी, घरात नवराबायको दोघेच. सोबत म्हणून त्यांनी चार वर्षांचा एक गावठी कुत्रा दत्तक घेतला होता. दीड महिना झाला तरी तो शिलाई मशीनच्या मागून बाहेर येत नव्हता. "फादर, एवढी माया केली, पण तो आमच्याकडे बघतसुद्धा नाही. परत दिला तर पाप लागेल का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

ज्यांच्याकडून तो आणला, त्यांच्याकडे पिंजरे नाहीत. रस्त्यावरून उचललेली कुत्री दत्तक जाईपर्यंत स्वयंसेवकांच्या घरीच राहतात. त्यामुळे स्वभाव आधी कळतो. ह्याला झाडूची भीती वाटते, पुरुषाचा मोठा आवाज सोसत नाही, कोणी बघत असेल तर तो जेवत नाही, हे सारे त्यांना सांगितले होते. म्हणजे फसवणूक झाली नव्हती. त्यांनी जाणूनबुजून शब्द दिला होता.

पण शब्द दिला कोणाला? सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस शिकलो. त्यांच्या मते बुद्धी नसलेल्या प्राण्याशी खरी मैत्री होऊ शकत नाही. संतांशी मी वाद घालणार नाही. कुत्र्याला वचन समजत नाही हे खरेच. पण ते मोडले तर भोगायचे त्यालाच. (बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडील देतात ती वचने तरी बाळाला कुठे कळतात?)

मी त्यांना म्हटले, जिथून आणला तिथे प्रामाणिकपणे परत देणे म्हणजे रस्त्यावर सोडणे नव्हे. त्याला मी पाप म्हणणार नाही. घरात आजारपण येते, कुत्रा लहान मुलावर धावून जातो, अशी कारणे असतात. तुमचे कारण कोणते?

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मुलांचे फोन येत नाहीत, फादर. वाटले, निदान हा तरी..."

लूकच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात, प्रभू येशू यजमानाला सांगतो की ज्यांना परतफेड करता येत नाही त्यांनाच जेवायला बोलाव. तिथे गोरगरीब माणसे आहेत; त्यांच्या पंगतीत मी कुत्रा बसवत नाही. आपला १९९२ चा धर्मशिक्षण ग्रंथही (क्र. २४१६ ते २४१८) प्राण्यांना दयेने वागवा म्हणतो, पण केवळ माणसांना द्यायचे प्रेम त्यांच्याकडे वळवू नका, असेही बजावतो. पूर्वी हे वाक्य मला जरा कोरडे वाटायचे. त्या दिवशी वाटले, त्यात कुत्र्याचीही काळजी आहे. मुलांकडची थकबाकी त्या भित्र्या जिवाकडून का वसूल करायची? मुलांना फोन तुम्हीच करा, असे मी त्यांना सांगितले.

तोबितच्या ग्रंथात तोबियासच्या प्रवासात एक कुत्रा बरोबर चालतो. तो काहीच करत नाही. पवित्र लेखकाला त्याचे नुसते बरोबर असणे पुरले.

कुत्रा अजून त्यांच्याकडेच आहे. ज्या बाईंनी त्याला आधी सांभाळले होते त्यांनी सांगितले, जमिनीवर पाठमोरे बसा, हाक मारू नका, डोळ्यांत बघू नका, खाणे ठेवून उठून जा. म्हणून ह्या भगिनी आता संध्याकाळची रोझरी मशीनपाशी जमिनीवर बसून म्हणतात. मागच्या बुधवारी चौथ्या रहस्याला त्याचे नाक बाहेर आले होते. तेवढ्यात यजमान खोकले आणि ते पुन्हा आत गेले.