कार्यकारणभाव आणि कोसळणारा प्रोग्राम

सी भाषेतील प्रोग्राम ज्या ओळीवर कोसळतो, तीच ओळ दोषी असते काय, हा प्रश्न तांत्रिक दिसला तरी मुळात कार्यकारणभावाचा आहे. मेमरीचा भाग परत केल्यानंतरही त्याचा पॉइंटर, म्हणजे पत्ता साठवणारे चल, वापरला गेला, तर तेथील माहिती बिघडू शकते आणि प्रोग्राम पुष्कळ पुढे, एखाद्या निर्दोष ओळीवर थांबू शकतो. न्यायदर्शनानुसार कारण हे कार्यापूर्वी नियमाने असावे लागते आणि ते अन्यथासिद्ध, म्हणजे आधी असूनही कार्याला अनावश्यक, असून चालत नाही. नवशिक्यानेही संशयित भाग असताना दोष उद्भवतो हा अन्वय आणि नसताना उद्भवत नाही हा व्यतिरेक, असे दोन्ही तपासावेत. मात्र येथे व्यतिरेक फसवा ठरू शकतो, कारण एक ओळ काढल्यानेही मेमरीची मांडणी बदलून दोष केवळ लपू शकतो. म्हणून अवैध वापर घडताक्षणीच तो नोंदवणाऱ्या व्हॅलग्रिंडसारख्या साधनाची साक्ष घ्यावी लागते. लक्षण नाहीसे होणे म्हणजे कारण कळणे नव्हे, हा विवेक सत्याच्या प्रत्येक शोधकाला आवश्यक आहे.