मोक्षपट आणि कवड्यांचे दान

आपण ज्यास सापशिडी म्हणतो त्या खेळाचे मूळ भारतातील ज्ञानचौपड या पटात आहे. महाराष्ट्रात त्यास मोक्षपट म्हणतात व परंपरा त्याचे कर्तृत्व श्री ज्ञानेश्वर माऊलींकडे देते. वैष्णव पटांवर बहुधा ७२ घरे, जैन पटांवर ८४. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाते, दुर्गुणाच्या घरातून सर्प खाली आणतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात छापला जाऊ लागला. पुढे घरांची नावे गळाली, आकडे तेवढे उरले.

गतवर्षी महाशिवरात्रीस नागरा येथील शिवमंदिराचे दर्शन घेऊन आलेल्या एका कुटुंबातील मुलीस आम्ही जुन्या पद्धतीचा पट खेळावयास दिला. अहंकाराच्या सर्पाने गिळताच ती म्हणाली, “मी कुठं अहंकार केला? कवड्याच तशा पडल्या!”

प्रश्न रास्त आहे. दान कवड्यांचे, मग दोष खेळणाऱ्याचा कसा? प्रारब्ध म्हणून वेळ मारून नेता येते. परंतु त्याच उत्तराने आपण शेजाऱ्याच्या आजारास त्याचे पाप ठरवून मोकळे होतो. मला वाटते, पटाचा रोख उलट आहे. दयेच्या शिडीने चढलेल्यानेही दया केलेली नसते. तेही पडलेले दानच. देणगीची पावती फाडताना हा विचार हटकून मनात येतो. खेळणाऱ्याच्या हाती एवढेच, की घरे खरी मोजावीत व घसरलेल्यास हसू नये.

मुलीस हे सांगावयाचे राहून गेले. तोवर तिच्या धाकट्या भावाने कवड्या गोळा करून तिच्या ओंजळीत ठेवल्या होत्या.