इफिसच्या मंडळीचं काय चुकलं?

प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात इफिसच्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे. आमच्या बायबलवर्गात ते निघालं की बोलणं ठरलेलंच असतं: प्रार्थना कमी झाली, उपास सुटले, तरुण मुलं उपासनेत मोबाइल बघतात, पहिली प्रीती राहिली नाही. मला हे पटत नाही. इफिसकरांच्या उपासनेत काही कमी पडलं होतं, असं पत्रात कुठेच म्हटलेलं नाही. उलट त्यांचे श्रम आणि त्यांचा धीर आधी नोंदवला आहे. खोट्या प्रेषितांची त्यांनी पारख केली, निकलाइत पंथाला थारा दिला नाही, ख्रिस्ताच्या नावासाठी सोसलं आणि थकले नाहीत. आपल्या वार्षिक अहवालात एवढं खरेपणाने लिहिता आलं तर आपण देवाचे आभार मानू. आणि अशा मंडळीला, पहिली प्रीती सोडली म्हणून, समई जागेवरून काढून नेण्याची ताकीद मिळते.

उपाय सांगितला आहे तोही बघा. कुठून पडलात ते आठवा, पश्चात्ताप करा आणि सुरुवातीला करत होतात ती कामं पुन्हा करा. म्हणजे गेलं ते हातांतून गेलं होतं. ती कामं कोणती होती, हे प्रेषितांच्या कृत्यांत १८ ते २० या अध्यायांत सापडतं.

अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे राहुट्या शिवणारं जोडपं. सम्राट क्लौद्याच्या हुकुमामुळे रोम सोडावं लागलं, करिंथला बिऱ्हाड केलं, तिथून प्रेषित पौलाबरोबर इफिसला आले. एके दिवशी सभास्थानात अपुल्लोस नावाचा आलेक्सांद्रियाचा माणूस बोलायला उभा राहिला. वक्ता उत्तम, शास्त्रात पक्का, पण योहानाच्या बाप्तिस्म्यापलीकडे त्याला ठाऊक नव्हतं. त्याची शिकवण अपुरी होती, हे या दोघांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी भरसभेत त्याला अडवलं नाही. जवळ बोलावून घेतलं आणि नीट समजावून सांगितलं. पुढे तो अखयाला निघाला तेव्हा तिथल्या बंधूंना त्याच्यासाठी पत्रही दिलं गेलं. माझ्या लेखी इफिसची पहिली प्रीती ही आहे.

आणखीही आहे. जादूटोणा करणाऱ्यांनी आपल्या पोथ्या सर्वांसमोर आणून जाळल्या. किंमत काढली तर चांदीची ५०,००० नाणी भरली, आणि तसलं एक नाणं म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. विकून पैसा करता आला असता, कोणी केला नाही. पौल निरोप घेऊ लागला तेव्हा त्याने इफिसच्या मंडळीच्या वडीलजनांना आपले हात दाखवले: या हातांनी कमावलं, बरोबरच्यांचं भागवलं, तुम्हीही असेच दुबळ्यांना सांभाळा. ती जाणती माणसं त्याच्या गळ्यात पडून रडली.

यानंतर साधारण चाळीस वर्षांनी, रोमन सम्राट डोमिशियनच्या काळात, प्रकटीकरणातलं ते पत्र आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेवढ्या वर्षांत काय झालं असेल याचा मी माझ्यापुरता अंदाज बांधते. लांडगे शिरतील, सावध राहा, असं पौलाने बजावलं होतं, आणि ते खरं ठरलं. मंडळी पारख करायला शिकली. ते जरूरच होतं, खोटी शिकवण पत्रालाही खपलेली नाही. पण पारखायची सवय एकदा लागली की समोरचा लांडगा आहे की वाट चुकलेला अपुल्लोस, हे बघायला कोणी थांबत नाही. प्रत्येक नवा माणूस आधी संशयित ठरतो.

आमच्या मंडळीतली जुनी वही मी पाहिली आहे, मूठधान्याची. बाया रोज दळणातून मूठभर बाजूला काढत आणि महिन्याने देवळात आणत. एका ओळीत लिहिलंय: बाजरी दीड पायली, अमक्याच्या घरी, नवरा तापाने आजारी. पुढच्याच ओळीत त्याच घरी पुन्हा एक पायली. अलीकडची इतिवृत्तं मी स्वतः लिहिते. त्यांत कुंपणाची भिंत आहे, ध्वनिक्षेपक आहे, दफनभूमीतल्या जागेचा वाद आहे, मतदारयादी आहे. सभासदत्व कोणाचं रद्द करायचं यावर दोन-दोन तास चर्चा झाली आहे. त्या माणसाच्या घरी कोण गेलं होतं, याची नोंद नाही, कारण कोणी गेलंच नव्हतं.

याच्या उलट, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही तिथे जागा होती. हे फार पुढे गेलं असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला त्यात अक्विल्ला-प्रिस्किल्लाचं घर दिसतं.

इफिसचं बंदर गाळाने भरलं, समुद्र काही किलोमीटर दूर गेला, आणि समई नेली ती अशी, असं प्रवचनांत सांगतात. नदीचा गाळ न्यायनिवाडा करत नाही. अर्तमी देवीच्या देवळाचंही त्याच भूमीत फारसं काही उरलेलं नाही. मला त्याहून जास्त बोचते ती इ. स. ४४९ ची गोष्ट. याच इफिसात शुद्ध शिकवणीसाठी धर्मसभा भरली, तिथे कॉन्स्टँटिनोपलचे बिशप फ्लाव्हियन यांना धक्काबुक्की झाली आणि थोड्याच काळात ते वारले.

तुमच्या मंडळीतही एखादं घर असेल, वाद झाल्यापासून उपासनेला न येणारं. या रविवारी तिथे जा. वर्गणीचं पुस्तक नेऊ नका, घटनेची कलमं काढू नका, कोण बरोबर होतं हे ठरवायला बसू नका. चहा घ्या, त्यांचं ऐका, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.