बापूजींची लेक

जालन्याहून देऊळगाव राजा, चिखली करत पुढे गेलं की बुलढाणा लागतं. इकडे निजामाचं राज्य होतं तेव्हा तिकडे वऱ्हाडात इंग्रजांचा कारभार होता, आणि बुलढाण्याच्या कचेरीत बापूजी हरी शिंदे हेडक्लार्क होते. माणूस सत्यशोधक विचारांचा. घरात चार मुलगे आणि एकुलती एक मुलगी, तारा. पोरीच्या हाती पुस्तक देणं पाप मानलं जाई त्या काळात बापूजींनी तिला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. लग्न मात्र रीतीप्रमाणे लहानपणीच लावलं. फक्त जावई घरी आणला.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. तेवढं निमित्त साधून पुण्याच्या एका वर्तमानपत्रानं साऱ्या बायकांच्या शीलावर तोंडसुख घेतलं. ताराबाईंनी उत्तर म्हणून ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलेलं हे पुस्तक नऊ आण्यांचं. पतीला देव ठरवणारे धर्मग्रंथ, विधवेचा पुनर्विवाह नाकारणारी रूढी, सगळ्यांची त्यांनी झाडाझडती घेतली. सभा भरवून नुसती भाषणं झोडणारे सुधारकही सुटले नाहीत.

मला हेच फार मोठं वाटतं. ही सुधारकाच्याच घरात वाढलेली लेक. ध्येयवादी बापाची मुलगी लिहू लागली की बहुधा बापाचेच विचार पुढे नेते, त्याच्या आठवणी जपते. ताराबाईंनी बापाकडून अक्षर घेतलं, मत स्वतःचं मांडलं. त्यांच्यावर इतकी टीका झाली की १८८५ मध्ये ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पुढे त्यांचं दुसरं पुस्तक आलेलं दिसत नाही. हे पुस्तकही विस्मरणात गेलं, ते थेट १९७५ मध्ये अभ्यासक स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणलं.

आज जालन्याच्या अंबड, घनसावंगी, मंठा भागातून ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडांत वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न असतो. पुष्कळदा तिचं लग्न उरकून तो सोडवला जातो. अशात बापूजींच्या वाटेनं जाणारा एखादा बाप लोकांचे टोमणे ऐकून घेतो आणि पोरीला वसतिगृहात ठेवून कारखान्याची वाट धरतो. त्या बापाबद्दल मला फार आदर वाटतो. शिकून ती त्याच्याच निर्णयांवर बोट ठेवील, “माझ्या ताईचं लग्न मग का उरकलं?” असंही विचारील. विचारू दे.