चांगलेपणा वस्तूत की संयोगात?

डोंगरवाटांसाठी बनवलेली सायकल, म्हणजेच माउंटन बाइक, निवडताना ग्राहकाने सर्वाधिक महत्त्व कशाला द्यावे, हा प्रश्न वरवर बाजाराचा वाटला तरी त्याच्या तळाशी दर्शनशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. वस्तूचा चांगलेपणा त्या वस्तूतच असतो, की तो पाहणाऱ्याच्या मनात असतो, की आणखी कोठे असतो? दुकानात वजन, गिअर, शॉकअप, डिस्क ब्रेक आणि चाकाचा आकार यांची यादी पुढे येते, आणि यादी जितकी लांब तितकी सायकल चांगली असे ग्राहक व विक्रेता दोघेही धरून चालतात. हे गृहीत तपासायला वैशेषिक दर्शनाचा, म्हणजे जगातील पदार्थांचे वर्गीकरण करणाऱ्या कणादाच्या परंपरेचा, फार उपयोग होतो.

कणादाच्या सूत्रांत सतरा गुण मोजले आहेत. त्या सूत्रांचा भाष्यकार प्रशस्तपाद याने त्यांत सातांची भर घालून ती संख्या चोवीसवर नेली. या सातांपैकी दोन गुण सायकलीच्या दुकानात रोज नजरेसमोर असतात. एक गुरुत्व, म्हणजे ज्याच्यामुळे वस्तू खाली पडू पाहते तो जडपणा. सायकल उचलून पाहणारा ग्राहक नेमका हाच गुण तोलत असतो. दुसरा संस्कार, ज्याचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन प्रकार सांगितले जातात. यांतील स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेल्या, दाबलेल्या वस्तूला पुन्हा मूळ स्थितीत आणणारी शक्ती, आणि तिची उदाहरणे म्हणून धनुष्य, झाडाची फांदी, चटई यांची नावे येतात. शॉकअपमधील स्प्रिंग हे याच गुणाचे आजचे रूप होय.

मात्र येथेच एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी लागते. नुसती स्थितिस्थापकता सायकलस्वाराच्या कामाची नसते, कारण दबलेली स्प्रिंग जितक्या जोराने दबते तितक्याच जोराने उसळते, आणि खड्ड्याचा एक धक्का वाचवून हाताला दुसरा देते; म्हणून चांगल्या चिमट्यात, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या भागात, स्प्रिंगची परत येण्याची गती तेलाच्या अडथळ्याने मंद केलेली असते. स्वस्त सायकलींत पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप दिसतात, पण हा आवर घालणारा भाग बहुधा नसतो, आणि चढावर पायडल मारताना लावलेल्या जोराचा काही हिस्सा स्प्रिंग दाबण्यातच खर्च होतो. दोन शॉकअप असलेली सायकल एका शॉकअपच्या सायकलीपेक्षा भारी दिसते खरी, परंतु गुणाची उपस्थिती आणि गुणाचे कार्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यादीवर भिस्त ठेवण्यातील दुसरी अडचण अधिक खोल आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो की रथ म्हणजे आस काय, चाक काय, जू काय. आणि यांपैकी काहीच रथ नसल्याने ‘रथ’ हे केवळ व्यवहारातले नाव ठरते. न्याय-वैशेषिकांची भूमिका याच्या उलट आहे: अवयवांपासून बनलेला अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, ही अवयवांहून वेगळी व खरी असते. सुटे भाग वाचून सायकल पारखणारा ग्राहक नकळत नागसेनाच्या वाटेने जातो. सायकलीच्या बाबतीत मात्र नैयायिकांचे म्हणणे अधिक पटते, कारण उत्तम गिअर, उत्तम ब्रेक आणि उत्तम चाके एका चुकीच्या मापाच्या फ्रेमवर बसवली तर प्रत्येक अवयव निर्दोष राहूनही अवयवी सदोष होतो.

तरीही संपूर्ण सायकल पारखली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही, आणि याचा प्रत्यय चौसाळ्यासारख्या ठिकाणी येतो. बीड तालुक्यातील हे गाव धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर, बालाघाटाच्या डोंगररांगेत आहे. महामार्गाच्या सपाट डांबरावर जाड, खोल नक्षीचे टायर केवळ घर्षण वाढवतात. तेच टायर मुरमाच्या उतारावर, सुटे खडे चाकाखालून निसटत असताना, स्वाराला सावरून धरतात. पावसाळ्यात पाणंदीत शिरले की काळी माती चाकाला थरावर थर चिकटते, चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा भरून काढते आणि चाक फिरेनासे होते. अशा वेळी चाकाभोवती मोकळी जागा किती आहे, या कोणत्याही जाहिरातीत न येणाऱ्या बाबीला सर्वाधिक मोल येते. रिमला घासणारे ब्रेक याच चिखलात घसरतात, तर आसाजवळची डिस्क चिखलापासून दूर राहते. म्हणजे शहरात पुष्कळदा दिखाऊ ठरणारा भाग येथे सार्थ होतो. उन्हाळ्यात बाभळीचा काटा टायरमधून आरपार ट्यूबमध्ये जातो, आणि तो काढताना टोक रबरातच राहिले तर नवी ट्यूबही तासाभरात बसते. स्टीलची फ्रेम मोडली तर साध्या वेल्डिंगच्या दुकानात जोडता येते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला त्यासाठी वेगळे यंत्र आणि वेगळा हात लागतो, त्यामुळे हलकेपणाचा गुण दुरुस्तीच्या वेळी अडचण होऊन बसतो.

वैशेषिक परिभाषेत सांगायचे तर गुरुत्व किंवा स्थितिस्थापक हे गुण सायकलीत समवायाने, म्हणजे कधीही न सुटणाऱ्या संबंधाने, राहतात; पण ज्याला चांगलेपणा म्हटले जाते तो संयोगाच्या आश्रयाने राहतो. संयोग म्हणजे आधी वेगळ्या असलेल्या दोन द्रव्यांचे एकत्र येणे, आणि हा गुण एकट्या द्रव्यात राहूच शकत नाही. प्रशस्तपाद त्याचे भेद दाखवताना खांबावर येऊन बसणारा ससाणा आणि एकमेकांना भिडणारे दोन मल्ल किंवा मेंढे अशी उदाहरणे देतो: पहिल्यात एकच बाजू हलते, दुसऱ्यात दोन्ही. ग्राहकाला सायकल ससाण्यासारखी हवी असते, आपण खांबासारखे स्थिर राहावे आणि तिने येऊन बसावे. प्रत्यक्षात हा संयोग मल्लांचा आहे. सीटची उंची पायाप्रमाणे बदलते आणि पायही महिनाभरात चढ ओळखू लागतो.

माउंटन बाइकचा जन्मही असाच झाला. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातील माउंट तामाल्पाइसच्या उतारांवर काही तरुणांनी दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जड, रुंद टायरच्या जुन्या सायकली उतरवल्या. ब्रेक इतका तापे की आसातील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्या परिसरातील एका उताराला ‘रिपॅक’ हे नाव त्यावरूनच पडले. 1977 साली जो ब्रीझ यांनी अशा वापरासाठी खास फ्रेम बनवली. गुण आधी ठरवून सायकल घडली नाही. उताराशी झालेल्या संयोगातून कोणते गुण हवेत हे कळले.

यावर असा आक्षेप घेता येईल की चांगलेपणा संबंधावर अवलंबून असेल तर ‘ज्याची त्याची आवड’ एवढेच उत्तर उरते. हा आक्षेप टिकत नाही. वैशेषिकांच्या मते संयोग मनाची कल्पना नव्हे, तो खरा गुण आहे आणि दोन्ही द्रव्यांत राहतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली असता, पायडल सर्वांत खाली असताना, पाय सरळ होतो की नाही, हे कोणाच्या आवडीवर ठरत नाही. चौसाळा ज्या रांगेत आहे त्याच बालाघाटातील अंबाजोगाईत ज्याची समाधी आहे त्या कवी मुकुंदराजाने आपल्या ग्रंथाला ‘विवेकसिंधु’ हे नाव दिले. ‘विवेक’ शब्दातील ‘विच्’ धातूचा अर्थ वेगळे काढणे असा आहे, आणि सायकलीपुढे उभ्या असलेल्या माणसाचे काम शब्दशः तेच आहे: वस्तूचे काय, वाटेचे काय आणि स्वतःच्या हौसेचे काय, हे वेगळे काढणे. डोंगर न चढणारा माणूस डोंगरासाठीची सायकल घेतो तेव्हा तो सहसा स्वतःच्या एका चित्राशी संयोग जोडू पाहतो, आणि तो जुळत नाही याचे दुःख त्याला सायकलीचा दोष म्हणून दिसते.

वैशेषिकांनी संयोगाचा नाश करणारा गुणही मोजला आहे, त्याचे नाव विभाग. ओसरीत भिंतीला टेकून ठेवलेल्या, पुढच्या टायरात काटा तसाच राहिलेल्या सायकलीत गुरुत्व पहिल्याइतकेच असते, आणि तिची स्प्रिंग दाबली तर आजही वर येते.