घडविणारा जवळच आहे



भय कोणास नाही? पावसाने दडी मारली की पेरलेले वाया जाण्याचे भय, घरात दुखणे शिरले की औषधपाण्याचे भय, म्हातारपणी परस्वाधीन होण्याचे भय. कित्येक भाविक म्हणतात, "गळ्यात माळ असून भय वाटते, म्हणजे आमची भक्तीच खोटी." तसे मुळीच समजू नये. भय हा देहाचा धर्म आहे. प्रश्न एवढाच की, भय आले म्हणजे जीवाने धावावे कोणाकडे, आणि त्याच्याकडेच का धावावे? या लेखी आम्ही तेवढाच विचार करणार आहोत.

आधी सिद्धान्त पाहू. जग देवाने निर्माण केले असे सारेच म्हणतात. पण कसे निर्माण केले? तेर येथील आमच्या गोरोबाकाकांचे घर डोळ्यांपुढे आणा. मडके व्हायला दोन कारणे लागतात. घडविणारा कुंभार हे निमित्तकारण आणि माती हे उपादानकारण. मडके आव्यातून निघाले, बाजारात विकले गेले, की कुंभार एकीकडे आणि मडके दुसरीकडे. पुढे ते कोणाच्या चुलीवर तडकले, याची त्या कुंभाराला वार्ताही नसते. देव एवढाच कर्ता असता, तर संकटात त्याला हाक मारून उपयोग काय? घडविले आणि निघून गेला! परंतु वेदान्ताचा निर्णय असा आहे की, जगाची ही दोन्ही कारणे एकच परमात्मा आहे. मुंडकोपनिषदात कोळी किड्याचा दृष्टान्त आला आहे. तो जाळे विणतो, पण त्यासाठी सूत कोणाकडून उसने आणीत नाही, आपल्याच अंगातून काढतो. तसा देव घडविणाराही आहे आणि ज्याचे घडविले तेही तोच आहे. कुंभार मडक्यापासून दूर जाईल, पण माती मडके सोडून कोठे जाणार? अहो, माती निघून गेली तर मडके म्हणायला उरेल काय? जीव आणि देव यांत थोडेही अंतर मानले की तेथेच भय उभे राहते, असे तैत्तिरीय श्रुती सांगते. म्हणून ज्याने घडविले तोच सांभाळणारा आहे, आणि तो दूर कोठे नाही, जवळच आहे.

येथे कोणी पूर्वपक्ष करील, "महाराज, हे पोथीत ठीक आहे. पण २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा काय झाले? मार्च महिन्यात पंढरीचे राऊळ दर्शनाला बंद झाले. आषाढीला पायी दिंड्या निघाल्या नाहीत. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका दशमीला एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या. गावोगावची माळकरी माणसे गेली. त्यांनी काय हाक मारली नव्हती?"

शंका खरी आहे. आमच्या ओळखीचे टाळकरीही त्या साथीत गेले. ज्या घरातले माणूस गेले, तेथे जाऊन "देवाची इच्छा" एवढे दोन शब्द बोलून उठणे कीर्तनकाराला शोभत नाही. म्हणून भागवतालाच विचारू.

भारती युद्ध संपले होते. पांडवांच्या वंशाचा एकच अंकुर उरला होता, तोही उत्तरेच्या उदरात. त्यावर अश्वत्थाम्याने ब्रह्मास्त्र सोडले. उत्तरा भयाने धावत सुटली. घरात गदाधारी भीम होता, गांडीवधारी अर्जुन होता, पण ती धावली श्रीकृष्णाकडे. आणि मागितले काय? स्वतःचा जीव नव्हे. मी जळाले तरी जळो, पण गर्भाला धक्का लागू नये, एवढेच तिचे मागणे. देवाने आपल्या मायेने तो गर्भ झाकून घेतला. पोटातल्या बाळाने आपल्या सभोवती फिरणारा अंगठ्याएवढा पुरुष पाहिला. जन्मल्यावर ते बाळ येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे निरखून बघे, की आत पाहिला तो हाच काय? अशी सर्वांची परीक्षा करी, म्हणून त्याचे नाव परीक्षित.

इथवर ऐकले की आपण टाळी वाजवतो. देवाने वाचविले, कथा गोड झाली! पण भागवत येथे संपत नाही. त्याच परीक्षिताला पुढे शाप झाला की, सातव्या दिवशी तक्षक डसेल. आता विचार करा. ज्याने ब्रह्मास्त्र अडविले, त्याला एक साप अडविता आला नसता? आला असता. तरी तक्षक आला, डसला, देह भस्म झाला. मग देवाने दिले काय? गंगातीरी शुकाचार्य आले. राजाने ओळखले की, ही श्रीकृष्णाचीच कृपा, नाही तर हे महात्मे आपल्या मरणकाळी येथे कसे येते? सात दिवस कथा झाली आणि बाराव्या स्कंधात राजा सांगतो की, तक्षकाचे आणि मरणाचे भय आता मला उरले नाही.

पाहा, एकाच माणसावर दोनदा भय आले. पहिल्या वेळी देवाने संकट निवारले. दुसऱ्या वेळी संकट राहू दिले, भय निवारले. जवळ मात्र तो दोन्ही वेळा होता. कोणत्या वेळी काय द्यावे, हे मागणाऱ्याच्या हाती नाही. "मला काही होणार नाही" ही खात्री म्हणजे विश्वास नव्हे. "जे होईल ते त्याच्या मांडीवर होईल" ही खात्री म्हणजे विश्वास. आणि ज्यांचे माणूस गेले त्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे, मडके फुटले हे खरे, त्याचे दुःख करावे, रडावे. पण माती कोठे गेली नाही. ज्याच्यापासून ते आले होते, त्याच्याबाहेर ते पडलेले नाही.

आता दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे. त्या साथीत काहीजण म्हणत, "पांडुरंग पाठीशी आहे, मग तोंडाला फडके कशाला आणि लस कशाला?" बाबांनो, वैद्याची बुद्धी आणि औषधाचा गुण कोणी घडविला? दुष्काळात मंगळवेढ्याला लोकांनी हाक मारली देवाला, आणि उघडली ती दामाजीपंतांची कोठारे. देव तेथे दामाजींच्या हातांनी धावला. पुढे दामाजींवर बेदरच्या बादशहाचा कोप झाला, तेव्हा देव विठू महाराच्या रूपाने धान्याची भरपाई घेऊन गेला. देवाचे साहाय्य असे कोणाच्या तरी हातांनी येते. ते हात नाकारू नयेत, आणि आपलेही हात आखडून धरू नयेत.

तात्पर्य, भय वाटेल तेव्हा दोन गोष्टी कराव्या. आधी नाम घ्यावे, म्हणजे घडविणारा जवळ आहे याची आठवण होते. मग शेजारी आपल्यासारखाच कोण भ्यालेला आहे ते पाहावे आणि त्याच्या दारी जावे. उत्तरेने भयातही दुसऱ्या जीवासाठीच मागितले होते, हे विसरू नये. २०२२ साली वारीची वाट पुन्हा पायी फुलली. त्या वाटेवर जे दिसले नाहीत त्यांचे नाव घेऊन एक पाऊल अधिक टाकावे, आणि पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालावे.

पुंडलीक वरदा हारि विठ्ठल!